बोलक्या ठकीचा आळ

१

सकाळच्या आरतीला निरांजनं वर गेली आणि सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की गणपतीच्या पायाशी उंदीर नाही.

उंदीर चांदीचा होता, मुठीत मावेल एवढा. ग्वाल्हेरहून आलेल्या एका घराण्यानं तो आनंद मंडळाला दिला होता. एकसष्ट सालची ही गोष्ट. तेव्हा जयपुरात मराठी घरं मोजकीच: बदलीवर आलेले सरकारी अधिकारी, बँकेतले, विम्यातले आणि छावणीतले लष्करातले. वर्षभर एकमेकांच्या आमटीला नाकं मुरडणारी ही माणसं गणपतीचे दहा दिवस आदर्श नगरातल्या एका भाड्याच्या दालनात एका सतरंजीवर बसत आणि त्यालाच संस्कृती म्हणत.

"पोलिसांत जायचं नाही," मंडळाचे अध्यक्ष मेजर संभाजीराव मोहिते म्हणाले. "मंडळाची अब्रू जाईल. संध्याकाळी चतुरिकेला विचारू."

माना डोलल्या. मागे बसलेल्या रत्नप्रभाबाई लिमये तेवढ्या डोलल्या नाहीत. तिलक नगरात राहणाऱ्या, विमा अधिकाऱ्याच्या पत्नी असलेल्या या बाईंना सगळं मंडळ रत्नाकाकू म्हणे आणि मागे म्हणताना त्यांच्या जिभेला विळीची उपमा देई.

"बी.ए., एम.ए. झालेली माणसं आता चोर शोधायला बाहुलीकडे निघाली," त्या शेजारणीला म्हणाल्या. "आमच्या गावची भगतीण बरी होती. ती निदान कोंबडी तरी खायची."

चतुरिका ही त्या वर्षीची नवलाई होती. उमाकांत वैद्य नावाचे एक गृहस्थ कुठल्याशा तांत्रिक खात्यात होते. त्यांनी सांगानेरच्या कागद करणाऱ्यांकडून लगद्याचा एक मुखवटा करून आणला. गोरापान, अठरा वर्षांचा. तो शिंप्याच्या पुतळ्यावर बसवला, पुतळ्याला पैठणी नेसवली, डोळ्यांत दिवे आणि गळ्यात भोंगा बसवला, आणि जाहीर केलं की हिला इलेक्ट्रॉनिक मेंदू आहे. समोरच्या मायक्रोफोनमध्ये प्रश्न विचारायचा, की ती मराठीत उत्तर देते. विंगेपलीकडच्या कुलूपबंद खोलीत बॅटऱ्या आहेत, त्यांत अंग जाळणारं तेजाब आहे, तिकडे कुणी फिरकायचं नाही.

पहिल्याच संध्याकाळी तिनं सगळ्यांना खिशात घातलं होतं.

"चतुरिके, तुला कुणी घडवलं?"

"उमाकांत वैद्य यांनी," भोंग्यातून खरखरीत, पण गोड आवाज आला. "पैठणी मात्र वैद्यवहिनींची आहे. जपून बसा म्हणाल्यात."

हशा पिकला. तो संपेपर्यंत चतुरिका थांबली.

"मंडळाचे अध्यक्ष कोण?"

"मेजर संभाजीराव मोहिते. मिशा त्यांच्या स्वतःच्या आहेत."

पुन्हा हशा, पुन्हा ती थांबली.

"आणि यंदाच्या नाटकात कोण कोण?"

"हिंदुराव घोरपडे, सदाशिव पेठे, नायिका शालन घोरपडे, आणि नायकाच्या भूमिकेत आपले लाडके कार्यवाह."

लाडके कार्यवाह प्रभाकर करंदीकर लगेच उठून सभेला वाकून नमस्कार करते झाले. त्यांना उठायला निमित्त लागायचं नाही. टाळ्या ओसरल्या, तेव्हाच चतुरिकेनं पुढचं वाक्य उचललं.

"ठकी बोलायला लागली," रत्नाकाकू तेव्हा पुटपुटल्या होत्या. "आता हिला कुणीतरी मागणी घालणार."

मागणी कुणी घातली नाही. पण चौथ्या दिवसापर्यंत लोक तिला मुलाची बदली कुठं होईल हे विचारू लागले होते.

आणि आता उंदीर.

संध्याकाळी दालन भरलं. संभाजीरावांनी मायक्रोफोनपाशी जाऊन, हवालदाराला विचारावं तसं विचारलं, "उंदीर कुणी नेला?"

चतुरिकेचे दिवे दोनदा मिटले.

"शालन घोरपडे हिच्या पेटीच्या खोक्यात बघा," ती म्हणाली.

२

उंदीर तिथंच होता. बाजाच्या पेटीचं खोकं उघडलं, आतलं फडकं बाजूला केलं, आणि तो निघाला.

शालन बावीस वर्षांची होती. आईवडील नव्हते. सुभेदार असलेल्या काकांकडे, हिंदुरावांकडे, छावणीत राहायची. मंडळातल्या मुलांना गाणी शिकवायची, आणि संभाजीरावांच्या दिलीपशी तिचं लग्न ठरलं होतं. खोकं उघडताना ती शेजारीच उभी होती. तिनं उंदराकडे पाहिलं, मग दिलीपकडे. दिलीप आपल्या पायांकडे पाहत होता.

"मी घेतला नाही," ती म्हणाली.

मागून कुणीतरी शहाण्यानं सांगून टाकलं, "माणूस खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल?" आणि हे वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की दहा मिनिटांत ते प्रत्येकाचं स्वतःचं झालं.

दुसऱ्या सकाळी रत्नाकाकू सायकलरिक्षानं छावणीत पोचल्या. हिंदुराव अंगणात ट्रंकेला दोरी बांधत होते.

"ही कुणाची?"

"शालीची. रविवारच्या गाडीनं गावी धाडतोय. मोहित्यांचा निरोप आलाय, सोयरीक मोडली म्हणून." त्यांनी गाठ आवळली. "पलटणीत तोंड दाखवायला जागा न्हाई राहिली, काकू."

"तिनं घेतला असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटायचंय? मशिनीनं जागासुदिक सांगितली."

"हिंदुराव, तुम्ही ब्रह्मदेशात लढलात म्हणे."

"व्हय."

"तिथं शत्रू कुठं आहे ते बाहुलीला विचारत होतात का?"

सुभेदार दोरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. आतून शालन चहा घेऊन आली. डोळे सुजलेले, पण कप हलला नाही.

"गावी कोण आहे गं तुला?"

"चुलत आजोबा आहेत. ते ठेवून घेतील, पण घराबाहेर पडू देणार नाहीत. इथं मास्तरणीच्या ट्रेनिंगला नाव घातलं होतं, काकू. परवा बोलावणं आलं."

रत्नाकाकूंनी चहा संपवला.

"ट्रंक सोडू नका, पण गाडीतही चढवू नका," त्या हिंदुरावांना म्हणाल्या. "रविवारपर्यंत मला वेळ द्या. त्या ठकीच्या पोटात कोण बसलंय ते बघते."

३

"पोटात कुणीही नाही," उमाकांत वैद्य म्हणाले. "काकू, तुम्हाला हे समजणं कठीण आहे. ही नव्या युगाची विद्या आहे."

"मला सोपं करून सांगा. मी स्टोव्हची पिनसुद्धा आपली आपण मारते."

"प्रश्न तारेतून मेंदूकडे जातो. मेंदू विचार करतो. उत्तर येतं."

"आणि खोक्यातला उंदीर मेंदूला दिसला कसा?"

"अनुमान. पेटी देवाच्या सगळ्यात जवळ असते."

"समई त्याहून जवळ असते. आणि मला सांगा, तुमचा मेंदू टाळ्या संपेपर्यंत थांबतो कशाला? यंत्राला टाळ्यांची हौस असते का?"

वैद्यांनी चष्मा पुसायला घेतला. घाबरलेला शहाणा माणूस चष्मा पुसतो, हे काकूंनी पुष्कळ पाहिलं होतं.

"वैद्य, एका पोरीचं आयुष्य चाललंय. आत माणूस असेल तर एवढं सांगा की आहे."

"पुढच्या महिन्यात दिल्लीच्या प्रदर्शनात चतुरिकेला बोलावलंय," वैद्य म्हणाले. हेच त्यांचं उत्तर होतं. काकू उठल्या. चोरी यानं केली नव्हती. तेवढी धमक त्याच्यात नव्हती. चोराला आपल्या भोंग्यातून बोलू द्यायची मात्र तयारी होती.

म्हणजे आत कुणीतरी होतं, आणि ते प्रश्न ऐकून तिथल्या तिथं उत्तर देत होतं. शिवाय ज्यानं उंदीर लपवला त्यालाच जागा ठाऊक असणार, तेव्हा बोलणारा आणि लपवणारा एकच. भोंग्यानं आवाज खरवडून निघत होता, तरी तो बाईचा होता एवढं कळत होतं. संध्याकाळी दालनात न दिसणाऱ्या मराठी बायका किती? काकूंनी आठवून पाहिलं. तीन.

एक वैद्यांच्या इंदुबाई. पाहुण्यांचा स्वयंपाक असतो म्हणून घरी राहायच्या.

दुसऱ्या, दिलीपच्या आई विजयमालाबाई. त्यांना उदबत्तीच्या धुरानं दमा व्हायचा. त्यांच्याकडे काकू गेल्या तेव्हा दिलीपच समोर आला.

"काय रे, तुझं काय मत?"

"मतलब… मला तर शालन आवडत होती, काकूजी," तो म्हणाला. त्याचा जन्म जयपूरचा, मराठी घरापुरतं. "पण सगळ्यांसमोर मशीननं बोललं. आता मी काय करू शकतो?"

"तिला विचारलंस?"

"काय विचारायचं?"

आतून विजयमालाबाई आल्या. "मला ती मुलगी पहिल्यापासून पसंत नव्हती, आणि मी हे लपवलंही नाही. हुंडा नाही, मागं माणसं नाहीत. यांनीच हिंदुरावांची पलटण बघून शब्द दिला. आता देवानंच सोडवलं."

"देवानं की ठकीनं?"

"एकच ते," विजयमालाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या मधुमती करंदीकर, कार्यवाहांच्या पत्नी. त्यांना रोज संध्याकाळी अर्धशिशी उठायची. कपाळाला सुंठीचा लेप लावून त्या आरामखुर्चीत पडल्या होत्या. सात वर्षं मंडळाच्या नाटकाची नायिका याच होत्या. देखणी बाई, छत्तिशीतही मान वळवली की खोली वळायची.

"शालनचं वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "लहान आहे. मोह झाला असेल."

"आता नाटकाचं कसं?"

"मलाच उभं राहावं लागणार. आमच्याकडून तसा आग्रह झाला. सगळं पाठ आहे म्हणून बरं." बोलता बोलता त्यांनी लेपाला हात लावला. "अर्धशिशी सांभाळून करायचं."

काकू तिथूनही निघाल्या. तिघींनाही कारण होतं. इंदुबाईला नवऱ्याची कीर्ती हवी होती, विजयमालाबाईला सोयरीक मोडायची होती, मधुमतीला रंगमंच. सकाळची पूजेची तयारी तिघीही आळीपाळीनं करायच्या, म्हणजे मखरापर्यंत तिघींचाही हात पोचत होता. आणि हातात शनिवार तेवढा उरला होता.

४

शनिवारी सकाळी काकूंनी मुद्दाम शालनला बरोबर घेतलं आणि भर रस्त्यानं सरकारी दवाखान्यात गेल्या. निमित्त गुडघ्यांचं. खरं म्हणजे मंडळातल्या चार खिडक्यांनी ही पोरगी उजेडात चालताना बघावी, एवढंच त्यांना हवं होतं. खिडक्यांनी बघितलं आणि पडदे ओढून घेतले.

कंपाउंडर देवराम चिठ्ठी लिहायला बसला.

"नाम?"

"रत्नप्रभा लिमये."

"पति का नाम?"

काकूंनी मान वळवली. "सांग गं याला."

"यशवंत लिमये," शालन म्हणाली.

देवराम हसला. "हमारी घरवाली भी नहीं लेती, माताजी. एक बार खो गई थी मेले में. सिपाही पूछता रहा किसकी औरत है, इसने गाँव का नाम बताया, ऊँट का रंग बताया, मेरा नाम नहीं बताया."

शालनही हसली, तीन दिवसांत पहिल्यांदा. काकू मात्र हसल्या नाहीत. चिठ्ठीसाठी पुढे केलेला त्यांचा हात तसाच राहिला.

तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं. दुधवाल्यापुढे 'साहेब', नातेवाइकांत 'हे', बँकेत शेजारच्या माणसाकडे बोट. जीभ आपोआप वळण घेई, विचार करावा लागत नसे. अंधारात असोत, एकट्या असोत, कुणी ऐकत नसो, ते नाव तोंडातून निघालं नसतं.

"काकू, काय झालं?"

"शाले, त्या ठकीनं पहिल्या दिवशी कुणाकुणाची नावं घेतली, आठवतात का तुला?"

शालननं एकेक आठवून सांगितली. काकू ऐकत राहिल्या, आणि ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता आलं नसतं.

"गुडघे आज राहू दे रे, देवराम," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मला उभं राहायचंय."

५

त्या संध्याकाळी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. चतुरिकेनं चोर पकडल्यापासून परगल्लीतले लोकही यायला लागले होते. रत्नाकाकू शालनचा हात धरून सरळ पुढे गेल्या. कुजबुज झाली. हिंदुराव दाराशी ताठ उभे राहिले.

"मलाही काही विचारायचंय," काकू मायक्रोफोनमध्ये म्हणाल्या. "सोपं आहे. चतुरिके, तुला कुणी घडवलं?"

"उमाकांत वैद्य यांनी."

"म्हणजे इंदुबाई सुटल्या," काकू म्हणाल्या. लोकांना काही कळलं नाही. "मंडळाचे अध्यक्ष कोण?"

"मेजर संभाजीराव मोहिते."

"विजयमालाबाईही सुटल्या. आता मंडळाचे कार्यवाह कोण?"

दिवे मिटले, उघडले. "मंडळाचे कार्यवाह तुमच्या समोरच बसले आहेत."

प्रभाकर करंदीकर उठून नमस्कार करू लागले.

"बसा खाली," काकू म्हणाल्या. "तुम्हाला नाही विचारलं. चतुरिके, नाव सांग."

"सगळ्यांच्या परिचयाचे, नाट्यकलेचे उपासक…"

"नाव."

भोंगा नुसताच खरखरला. पुरुष इकडे तिकडे पाहू लागले. वैद्य पुढे झाले. "बॅटरी उतरली असावी. आजचा कार्यक्रम—"

"बॅटरी चांगली आहे. चोराचं नाव खणखणीत घेते, अध्यक्षांच्या मिशांवर कोटी करते, आणि एक साधं नाव हिच्या जिभेवर येत नाही. पहिल्या दिवशीही आलं नव्हतं. सगळ्यांची नावं घेतली आणि एकालाच 'लाडके कार्यवाह' म्हणाली." काकू बाहुलीच्या गोऱ्यापान तोंडाकडे पाहत होत्या. "लगद्याच्या बाईला नवरा कुठून आला गं? आणि लाज वाटत असेल तर उखाण्यात घे. उखाण्यात चालतं."

सतरंजीवरच्या बायकांकडे जणू एकदम वारा सुटला. डाव्या कोपऱ्यात एकीनं तोंडाला पदर लावला, मग दुसरीनं. त्यांना सगळं समजलं होतं. पुरुषांना अजून बॅटरीच दिसत होती. प्रभाकर करंदीकर मात्र अर्धवट उभे, अर्धवट बसलेले होते आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होत चालल्या होत्या.

मग भोंग्यातून एक साधा, दमलेला आवाज आला. त्यात चतुरिका कुठंच नव्हती.

"पुरे करा, काकू. उंदीर शालननं घेतला नाही. मी ठेवला तिच्या खोक्यात. किल्ली वैद्यांच्या खिशात आहे. दार उघडायला सांगा, आत फार उकडतं."

बाहुली तशीच हसत होती.

६

मधुमती बाहेर आली तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते. कपाळावर लेप नव्हता.

"मधू, घरी चल," प्रभाकर दबक्या आवाजात म्हणाले.

"चलते. आधी यांचं ऐकून घ्या." ती सभेकडे नाही, शालनकडे बघत होती. "सात वर्षं नायिका मी होते. यंदा आमच्या घरातूनच निकाल लागला की चेहऱ्यावर वय दिसतं. नायिका शालन. आवाज अजून चांगला आहे म्हणून मला त्या खोलीत बसवलं, आणि माझ्या आवाजावर हा अठरा वर्षांचा मुखवटा. रोज टाळ्या ऐकल्या. एकही माझी नव्हती." ती शालनच्या जवळ आली. "तू काही केलं नव्हतंस. ते मला तेव्हाही माहीत होतं."

"मग?" शालननं विचारलं.

"मग काही नाही. वाईट वागले."

संभाजीरावांनी घसा खाकरला. "झालं ते झालं. ही गोष्ट या दालनाबाहेर जाता कामा नये. मंडळाची अब्रू—"

"ही पोरगी चोर ठरली तेव्हा अब्रू गेली नाही का मंडळाची?" काकू म्हणाल्या. "या बाईनं गुन्हा केला, आणि तिनं तो तोंडानं कबूल केला. तुम्ही सगळ्यांनी काय केलंत? ही जितीजागती मुलगी समोर उभी राहून 'मी घेतला नाही' म्हणाली. एकानंही तिला दुसरा प्रश्न केला नाही. तुम्हाला भोंगा खरा वाटला, कारण त्याची तार कुठं जाते ते दिसत नव्हतं. शेणाचं सोनं करून दाखवतो म्हणणाऱ्या बुवाला तुम्ही हसता. बुवानं बॅटरी लावली असती तर पाया पडला असतात."

वैद्य म्हणाले, "तत्त्वतः असं यंत्र शक्य आहे."

"असेल. ते येईल तेव्हा त्याच्यामागेही कुणाला कोंडलंय ते आधी बघा."

हिंदुराव दाराशीच होते. काकू जवळ आल्या तशी त्यांनी टोपी काढून हातात घेतली. गणपतीसमोर त्या रात्री आरती झाली, पण कुणाचाच आवाज लागला नाही.

७

रविवारी सकाळी छावणीतल्या घरापुढे मोहित्यांची मोटार थांबली. विजयमालाबाई नारळ आणि खण घेऊन उतरल्या, मागून दिलीप. रत्नाकाकू ओसरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"झाला तो घोटाळा झाला," विजयमालाबाई म्हणाल्या. "आम्ही मोठ्या मनानं विसरतोय. ठरलेला मुहूर्त कायम ठेवू."

"मोठं मन तुमचं," काकू भेंडीला म्हणाल्या.

हिंदुराव गडबडून खुर्च्या शोधू लागले. सुटकेनं त्यांचा चेहराच बदलला होता. शालन आतून आली, पाहुण्यांना पाणी दिलं, आणि रिकामं तबक हातात धरून उभी राहिली.

"शालन," दिलीप म्हणाला, "तू रागवली आहेस काय? मी तर… मतलब, मला वाटलं मशीन आहे, तर बरोबरच सांगत असेल. मला काय माहीत."

"तुम्हाला माहीत नव्हतं, बरोबर," शालन म्हणाली. "काका, खुर्च्या नकोत. ट्रेनिंगची फी भरायला आज मला काकूंबरोबर जायचंय."

"आज रविवार हाय, पोरी," हिंदुराव म्हणाले.

"मग उद्या जाईन. पण हा नारळ परत जाऊ द्या."

विजयमालाबाईंचा चेहरा कडक झाला. "लोक काय म्हणतील, ते कळतं का तुला? एकदा नाव निघालेली मुलगी."

हिंदुरावांनी उचललेली खुर्ची तशीच खाली ठेवली. ते पुतणीकडे बघत राहिले, आणि मग ओसरीच्या पायरीवर जाऊन, पाहुण्यांना वाट मोकळी करून उभे राहिले.

दिलीप अजून तिथंच होता. "एवढंसं कारण?" तो म्हणाला. "मी मशीनचं ऐकलं म्हणून?"

"तिचं सगळ्यांनीच ऐकलं," शालन म्हणाली. "पण तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर उभे होतात. मला विचारायचं होतंत. मला बोलता येतं."